घरात आलेलं हे 'सापाच्या तोंडाचं फुलपाखरू' विषारी असतं का?

सकाळी दार उघडावं आणि व्हरांड्यातल्या दिव्याखाली वीतभर पंखांचं काहीतरी भिंतीला चिकटलेलं दिसावं. रंग विटकरी-तपकिरी आणि पंखांच्या टोकांना चक्क सापाचं तोंड! मग फोटो निघतो, ग्रुपवर जातो आणि पाठोपाठ मेसेज येतो, 'विषारी आहे, मारून टाका.'

खरं तर हे फुलपाखरू नाही आणि विषारी तर अजिबातच नाही. हा आहे ॲटलास पतंग, जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक. सह्याद्रीच्या जंगलांत तो आढळतो आणि पावसाळ्याच्या दिवसांत दिव्याच्या ओढीनं घरांपर्यंत येतो.

ओळखायचा कसा?

त्याचे पसरलेले पंख २० ते २५ सेंटीमीटर भरतात. प्रत्येक पंखावर एक त्रिकोणी, जवळपास पारदर्शक खिडकी असते. बसताना तो पंख मिटत नाही, पसरूनच बसतो. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, याच्या मिशा मात्र पिसासारख्या असतात. नराच्या मिशा जास्त रुंद, तर मादीचं पोट जाडजूड असतं.

पतंग मोठाच, पण फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्या असलेला असेल, तर तो चंद्रपतंग. तोही निरुपद्रवी.

मग ते सापाचं तोंड?

ती फक्त नक्षी आहे. पक्ष्यांसारख्या शत्रूंना घाबरवण्यासाठी तिचा उपयोग होत असावा, असं मानलं जातं. या पतंगाला नांगी नसते. तो चावूही शकत नाही, कारण त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना पेरू, लिंबू, दालचिनी अशा झाडांची पानं खाऊन जी चरबी साठवली, तिच्यावरच त्याचं पुढचं आयुष्य चालतं. म्हणून त्याच्यापुढे साखरेचं पाणी ठेवून काही उपयोग नाही.

हे आयुष्य असतं जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात मादीच्या गंधावरून नरानं तिला शोधायचं आणि मादीनं अंडी घालायची. रात्रभर दिव्याभोवती अडकलेला पतंग यातली एक रात्र गमावतो, आणि त्याच्याकडे मोजक्याच रात्री असतात.

दिसला तर काय करायचं?

बाहेरचा दिवा बंद करा. पंखांना हात लावू नका, त्यावरचे खवले झडतात. दिवसा तो आडोशाला शांत बसला असेल तर बसू द्या, अंधार पडला की जाईल. घराच्या आत असेल, तर त्याच्या पायांपुढे जाड पुठ्ठा धरा. तो चढला की अलगद बाहेर नेऊन मांजर-कावळ्यांपासून लांब, झाडाच्या फांदीवर ठेवा.

आणि ग्रुपवर पुन्हा तो 'मारून टाका'वाला मेसेज आला, तर त्याच्याखाली एवढंच लिहा: याला तोंडच नाही, चावणार कसा?