पाणबुड्याच्या मनगटावरचे कडे

घड्याळाच्या काचेभोवती एक धातूचे कडे असते. त्यावर शून्यापासून साठपर्यंत खुणा असतात आणि बोटाने फिरवले की ते कट्-कट् आवाज करत सरकते. महागड्या स्विस घड्याळांच्या जाहिरातींत हे कडे बहुतेकांनी पाहिलेले असते. शोभेची वस्तू म्हणून ते सोडूनही दिले जाते. प्रत्यक्षात त्याचा जन्म जीव वाचवण्यासाठी झाला.

ब्लांपां या स्विस कंपनीची सूत्रे १९५० पासून झां-जाक फिश्टर यांच्याकडे होती. पाण्याखाली पोहण्याचा त्यांना भारी नाद. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा ते इतके रमले की वेळेचे भानच राहिले नाही. सिलिंडरमधली हवा संपली आणि त्यांना घाईघाईने वर यावे लागले. ते बचावले, पण पाण्याखाली किती वेळ गेला हे एका नजरेत सांगणारे घड्याळ हवे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्याच सुमारास फ्रेंच सैन्याच्या पाणबुड्या पथकाचे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही तशाच घड्याळाच्या शोधात होते. १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' तयार झाले. फॅदम म्हणजे आपल्या कोकणातल्या दर्यावर्दींची वाव, सहा फुटांची. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे 'सबमरिनर'ही त्याच काळातले.

वेळेचे एवढे महत्त्व का? दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते. वर तासभर पुरणारे सिलिंडर तिथे पाव तासात आटोपते. शिवाय दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. फार वेळ खाली राहून झटकन वर आले, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात तयार होतात. त्यातून सांधे धरतात, अर्धांग होऊ शकते, प्राणही जातात.

कड्याचा वापर मात्र अगदी सोपा. उडी मारताना त्यावरचा शून्याचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर असेल, तेवढी मिनिटे झाली. वजाबाकी नको.

पण हे कडे पाण्यात खडकाला किंवा दोरीला घासून आपोआप सरकले तर? इथे खरी युक्ती आहे. आजच्या पाणबुडी घड्याळांचे कडे फक्त डावीकडे, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने फिरते. समजा, वीस मिनिटे झाली आहेत आणि कडे पाच मिनिटांनी सरकले. घड्याळ पंचवीस दाखवेल. पाणबुड्या पाच मिनिटे लवकर वर येईल, एवढेच नुकसान. ते उजवीकडे सरकले असते, तर वीसची पंधरा झाली असती आणि तो निश्चिंतपणे खालीच थांबला असता. चूक होणारच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, असा हा हिशेब आहे.

सुरुवातीला सगळ्यांनाच तो सुचला नव्हता. जुन्या 'सबमरिनर'चे कडे दोन्हीकडे फिरत असे. फिफ्टी फॅदम्सचे कडे दाबल्याशिवाय फिरत नसे. ओमेगाच्या १९७० च्या 'प्लोप्रोफ'ला तर कडे सोडवण्यासाठी लाल बटणच होते.

आतली रचना सायकलच्या फ्रीव्हीलसारखी असते. कड्याच्या खालच्या बाजूला तिरके दाते कोरलेले असतात. घड्याळाच्या अंगावर स्प्रिंगचे वाकवलेले पाते बसवलेले असते. एका दिशेने पाते दात्यांवरून घसरत जाते, उलट दिशेने दात्यात अडकते. पुष्कळ घड्याळांत दाते १२० असतात, म्हणजे एक खटका अर्ध्या मिनिटाचा. काही ठिकाणी पात्याऐवजी स्प्रिंगवर टेकलेल्या बारीक गोळ्या असतात. कारागिराची परीक्षा इथेच होते. पाते सैल असेल तर कडे हलते, घट्ट असेल तर हातमोजा घातलेल्या ओल्या बोटांना फिरवता येत नाही. म्हणूनच कड्याच्या कडेला नाण्यासारखे खाचेही पाडतात.

कड्यावरची आकड्यांची चकती पूर्वी ॲल्युमिनियमची असे. उन्हाने तिचा काळा किंवा निळा रंग विटायचा. (आता हौशी संग्राहक तशाच विटक्या घड्याळांना जास्त पैसे मोजतात!) रोलेक्सने २००५ पासून आपल्या काही घड्याळांत सिरॅमिकची चकती आणली. झिर्कोनियाच्या भुकटीपासून ती घडवतात, खाचेत आकडे ठेवतात आणि सुमारे १६०० अंश सेल्सिअसला भाजतात. भाजताना ती आकसते, म्हणून शेवटचे माप हिऱ्याच्या हत्यारांनीच साधावे लागते. मग खाचांत प्लॅटिनमचा किंवा सोन्याचा पातळ थर चढवतात. तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही, पण जोराचा आघात झाला तर ती तडकू शकते.

पाणबुडी घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. किमान १०० मीटर खोली, नेमलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणे आणि चुकून न सरकणारी वेळदर्शक रचना, या त्यातल्या काही अटी. आज बहुतेक पाणबुडे मनगटी संगणक वापरतात. कड्याचे घड्याळ असलेच तर जोडीला. लाखोंची घड्याळे घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचे घड्याळ तर पोहण्याच्या तलावापलीकडे जातही नसेल. समुद्रात नेलेच, तर वर आल्यावर ते गोड्या पाण्याखाली धरून कडे दोन-चारदा पूर्ण फिरवावे. नाहीतर दात्यांत साचलेली वाळू आणि मीठ काही दिवसांत ते घट्ट धरून बसतात.