रक्तातील छुपा शत्रू

अंगात एकाएकी हुडहुडी भरते. दोन-दोन घोंगड्या पांघरल्या तरी थंडी जात नाही. मग ताप चढतो. काही वेळाने दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. हिवतापाची ही लक्षणे माणसाला प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. परंतु त्याचे कारण दीर्घकाळ अज्ञात होते. १८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना एका सैनिकाच्या रक्तात हालचाल करणारे सूक्ष्म जीव आढळले. तेच हिवतापाचे जंतू होत. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना हे जंतू डासाच्या जठरात दिसले. ॲनॉफिलिस डासाची मादी ते माणसाच्या शरीरात सोडते, हे पुढे सिद्ध झाले.

शरीरात शिरलेले जंतू प्रथम यकृत गाठतात. तेथे आठवडाभरात एकाचे हजारो होतात. पण माणसाला त्याची गंधवार्ताही नसते. नंतर ते रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींत घुसतात. या पेशी साऱ्या शरीराला प्राणवायू पोहोचवितात. त्यांच्यातील तांबडे द्रव्य हेच जंतूंचे अन्न होय. त्यावर पोसलेले जंतू अखेर पेशी फोडून बाहेर पडतात. तेव्हाच हुडहुडी भरून ताप येतो. बाहेर पडलेले जंतू लगेच नव्या पेशींत शिरतात.

हिवतापाच्या जंतूंचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी फाल्सिपेरम हा सर्वांत घातक होय. व्हायव्हॅक्स नावाचा जंतू मुख्यतः कोवळ्या पेशींत शिरतो. फाल्सिपेरम मात्र कोवळी-जून असा भेद पाळत नाही. शिवाय तो मोठा धूर्त आहे. आपल्या शरीरात प्लीहा नावाचा अवयव पहारेकऱ्याचे काम करतो. रक्तातील बिघडलेल्या, ताठर झालेल्या पेशी तो अडवून नष्ट करतो. हा पहारा चुकविण्यासाठी फाल्सिपेरम आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे निर्माण करतो. त्यांवरील प्रथिनांमुळे ती पेशी सूक्ष्म रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेपर्यंत जातच नाही.

यात जंतूचे रक्षण होते. माणसाचा मात्र घात होतो. पाटात गाळ साचला की पुढचे वाफे कोरडे पडतात. त्याचप्रमाणे अशा असंख्य पेशी चिकटून रक्तवाहिन्या तुंबल्या की पुढील भागाला प्राणवायू मिळत नाही. मेंदूत असे घडले तर रोगी बरळू लागतो, त्याला झटके येतात आणि त्याची शुद्ध हरपते. मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. २०२३ साली जगात सुमारे ६ लाख लोक हिवतापाने दगावले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती.

या रोगावर प्रभावी औषधे आहेत. १९७२ साली चीनमध्ये तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडील दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन हे द्रव्य वेगळे केले. त्यापासून बनविलेली औषधे जंतू कोवळे असतानाच, म्हणजे पेशी चिकटू लागण्यापूर्वीच, त्यांना मारू शकतात. मात्र ती वेळेवर मिळाली पाहिजेत. कारण जंतूंची संख्या दर दोन दिवसांनी कित्येक पटींनी वाढते.

ताप उतरला म्हणजे रोग गेला, असे नव्हे. त्या वेळी शत्रू नव्या पेशींत दडलेला असतो. म्हणून थंडी वाजून ताप येताच रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण घ्यावे, यातच शहाणपण आहे.