बेचाळिशीच्या आत फौजेचे एक दार

फौजेत जायचे राहून गेले, अशी हळहळ असलेला एखादा काका-मामा आपल्या सीमाभागात घरटी सापडेल. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे भरती हा इथे घरगुती विषय. मराठी घरात तेवढाच कानडी घरातही. पण विशी उलटली की तो कायमचा संपला असे सगळे धरून चालतात. प्रादेशिक सेना, म्हणजे टी.ए., त्याला अपवाद आहे. तिथे अर्जाचे वय १८ ते ४२.

ही सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पोटापाण्याचा धंदा सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालायची, अशी तिची रचना. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या होत्या. आपल्या जवळची म्हणाल तर कोल्हापूरची १०९ मराठा बटालियन टी.ए.चीच.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो बुऱ्हाणपूरच्या भाच्यामुळे. आमची अक्का लग्न होऊन तिकडे गेली. तिच्या या मुलाने कॉलेजात एन.सी.सी. केली, पण वडील आजारी पडले आणि यंत्रमागाच्या सुट्या भागांचे दुकान त्याच्या गळ्यात आले. आता चाळीस पूर्ण, मुले शाळेत. यंदा त्याने फोनवर सहज सांगितले, "मामा, टी.ए.चा अर्ज भरावा म्हणतो." आमच्या आईने ऐकले आणि कानडीतच म्हणाली, "ईग याक बेकप्पा?"

आता कशाला, हा प्रश्न चुकीचा नाही. कपिल देव २००८ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी, धोनी २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नल झाले, ते मानद पद होते. परीक्षा आणि मुलाखत देऊन आलेले वेगळे. सचिन पायलट २०१२ मध्ये पस्तिशीला टेकले होते. अनुराग ठाकूर २०१६ मध्ये अधिकारी झाले तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे वयाची अट कागदावरची नाही.

अवघड आहे ते पुढचे. अधिकारी व्हायचे तर पदवी हवी आणि नोकरी किंवा धंदा चालू हवा. बेकाराला इथे जागा नाही. लेखी परीक्षेत तर्क, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. त्यातून निभावलात तर मुलाखत, सेवा निवड मंडळ, मग वैद्यकीय तपासणी. २०२५ च्या जाहिरातीत साऱ्या देशासाठी जागा होत्या १९, त्यातली महिलांसाठी एक. अर्जाचे शुल्क ५०० रुपये. एकोणीस हा आकडा भाच्याला सांगितला तेव्हा तो हसला. "लॉटरीच्या तिकिटापेक्षा बरे, मामा. अभ्यास तरी होईल."

एक गंमत पाहा. बेळगाव आणि कोल्हापूर, दोन राज्यांतली गावे, टी.ए.च्या भरतीत दोन्ही पुण्याकडे. बुऱ्हाणपूरहून रेल्वेने रावेर जवळ, अक्काच्या गल्लीत मराठी सर्रास बोलली जाते, पण गाव मध्य प्रदेशात म्हणून भाच्याची वाट लखनौची. सीमेवरच्या माणसाला हे नवीन नाही म्हणा.

निवड झालीच तर पहिल्या वर्षी महिनाभर मूलभूत प्रशिक्षण, शिवाय दरवर्षी दोन महिने शिबिर. पहिल्या दोन वर्षांत तीन महिने चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतही जावे लागते. पगार फक्त वर्दीतल्या दिवसांचा. कायमच्या नोकरीची हमी नाही, आणि पेन्शन प्रत्यक्ष बोलावणीवर किती सेवा झाली यावर. नोकरदाराची जागा राखण्याची तरतूद कायद्यात आहे, पण दुकानदाराचे गिऱ्हाईक कोणता कायदा राखणार?

बोलावणी हा शब्द घरच्यांनी नीट ऐकावा. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा केंद्राने टी.ए.ला बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, आणि ३२ पैकी १४ पायदळ बटालियन त्यात धरल्या. हौस म्हणून जाणाऱ्याने हा आकडा बायकोला आधी दाखवावा.

भाच्याने दाखवला. भाचेसून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दुकानाची वही मागितली. उधारी कोणाकडे किती, माल कुठून येतो, पोराची फी कधी भरायची, सगळे तिने एका पानावर लिहून काढले आणि खाली तिचा एकच प्रश्न होता: दिवाळीच्या आधीच शिबिर लागले तर गल्ल्यावर कोण बसणार? त्याचे उत्तर अजून दोघांना मिळालेले नाही. भाचा मात्र पहाटे राजघाटाकडे धावायला जातो. अक्का सांगत होती, परवा शेजारचे दोन पोरगेही त्याच्याबरोबर निघाले.