गोटी सोड्यातला वायू

गोटी सोड्याच्या बाटलीला बूच नाही, पत्र्याचे झाकण नाही, फिरकीचे आटे नाहीत. आत कोंडलेला वायूच तिचे तोंड बंद करतो. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटर यांचे दातेरी पत्र्याचे बूच आले आणि युरोपातून ती हळूहळू हद्दपार झाली. जपानमध्ये ‘रामुने’ या पेयासाठी ती टिकली, आणि आपल्याकडे टिकली.

भरण्याची रीत बघण्यासारखी आहे. बाटलीत पाणी भरतात आणि ती यंत्राच्या पिंजऱ्यात अडकवतात. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडून हाताने दांडा फिरवला की बाटली गरगर फिरते, पाणी घुसळले जाते आणि वायू त्यात विरतो. बाटली उलटी झाली की काचेची गोटी गळ्याशी घरंगळते. नळीचा वायू बंद होताच आतला दाब तिला रबराच्या रिंगेवर घट्ट दाबून धरतो. जितका दाब जास्त, तितकी गोटी घट्ट. गळ्याला दोन बाजूंनी दिलेल्या चिमट्या असतात. पिताना गोटी त्यांच्यात अडकून राहते आणि पुन्हा तोंडाशी येत नाही. इतक्या कमी भागांत इतके काम करणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

तरीही कधी कधी सोडा फोडला तरी आवाज होत नाही, बुडबुडे येत नाहीत, पाणी सपक लागते. चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा भरते, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची. त्या दिवसांत खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि सोड्याचे खरे वैर या उन्हाशीच आहे. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम सांगतो, की दाब वाढला की त्याच प्रमाणात पाण्यात विरणारा वायू वाढतो. पण त्या प्रमाणावर ताबा उष्णतेचा असतो. साध्या हवेच्या दाबाला १० अंशांचे एक लिटर पाणी सुमारे १.२ लिटर कार्बन डायऑक्साइड पोटात घेते. ४० अंशांचे पाणी अर्ध्या लिटरहून जरासाच जास्त. म्हणजे लिटरमागे चार लिटर वायूचा कडक सोडा हवा असेल, तर थंड पाण्याला हवेच्या सुमारे साडेतीन पट दाब पुरतो, तापलेल्या पाण्याला साडेसात पट लागतो. पत्र्याच्या टाकीतले दुपारचे पाणी वापरून दाबच वाढवत नेला, तर सोडा सुधारण्याआधी बाटली फुटायची भीती. जाड काचेची बाटली फुटली की डोळा जाऊ शकतो. इलाज एकच: आधी पाणी बर्फात गार करायचे, मग भरायचे.

दुसरे कारण रबराची रिंग. उन्हाने ती कडक होते, चिरते, गोटी नीट बसत नाही आणि वायू गुपचूप निसटतो. तिसरे कारण बाटलीत अडकलेली हवा. पाण्याच्या वरची हवा आधी बाहेर काढली नाही, तर दाबातला काही वाटा तीच खाते.

बिअरमध्येही हाच वायू असतो, तिचे गणित मात्र सुरुवातीला उलटे चालते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना बिअर करता येत नाही. परदेशात घरी करणारे लोक बाटली बंद करताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. यीस्ट ती खाते आणि साखरेच्या साधारण निम्म्या वजनाचा वायू बाटलीतच तयार करते. तिला ऊब लागते. बाटल्या लगेच फ्रिजमध्ये गेल्या तर यीस्ट झोपते आणि बिअर सपक राहते. अशा बाटल्या बाहेर काढून, तळाचा गाळ हलकेच ढवळेल इतक्या फिरवून, २० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवतात, आणि वायू तयार झाल्यावरच गार करतात. घाईने जास्तीची साखर घालणे धोक्याचे, कारण यीस्ट उशिरा जागी झाली की बाटलीचा स्फोट होतो.

या दोन्ही वाटा एकाच जागी सुरू झाल्या. १७६७ मध्ये लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली यांनी बिअरच्या कारखान्यातल्या आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरले, पिंपातून निघणारा वायू त्यात विरवला आणि माणसाने केलेला पहिला सोडा चाखला. १७८३ मध्ये याकोब श्वेप यांनी जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला.

जळगाव-धुळ्याच्या उन्हात सोडा घ्याल तेव्हा गाडीवर रचलेल्या रांगेतली बाटली घेऊ नका, बर्फाच्या पेटीतली मागा. तापलेला सोडा फोडताच फसफसून सगळा वायू सांडतो. गार सोड्यात तो शेवटच्या घोटापर्यंत राहतो.