माथेरानची मुले सहलीला निघतात

अख्खी मुंबई जिथे सहलीला येते, तिथल्या मुलांनी सहलीला जायचे कुठे? हा प्रश्न माझा नव्हे. चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने तो विचारला. वर्ग हसला, मला मात्र चटकन उत्तर देता आले नाही.

आमच्या वर्गात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वार, तारीख, सुविचार आणि त्याखाली 'आजची बातमी' लिहिण्याची रीत आहे. बातमी मुलांनीच आणायची. बहुतेक बातम्या घरच्याच असतात. 'आमची घोडी व्याली.' 'माकडाने दुकानातून चिक्कीचे पाकीट पळवले.' 'ताईला नर्सिंगला नंबर लागला.' 2025 च्या ऑगस्टमध्ये मात्र एक मुलगा वर्तमानपत्राचा कापलेला तुकडाच घेऊन आला. सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्टला आदेश दिला होता की, माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा माथेरानमध्ये सहा महिन्यांत बंद करावी, ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे आणि त्यांच्या हाती ई-रिक्षा द्यावी. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवली. राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक न्यायाच्या वचनाशी ती विसंगत आहे, असे म्हटले. त्या मुलाचे वडील रिक्षा ओढतात. त्याने फळ्यावर लिहिले ते एवढेच: 'माझ्या बाबांच्या गाडीला मोटर लागणार.' कागदावरचा हुकूम रस्त्यावर उतरायला किती काळ जातो हे आपल्याला ठाऊक आहे. नऊ वर्षांच्या मुलाला ते त्याच दिवशी कशाला सांगा?

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे. 2003 साली हा डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील जाहीर झाला. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून वर बाजारापर्यंत सुमारे अडीच किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता. पर्यटकाला तो घोड्यावरून गंमत म्हणून चढता येतो. आमच्या मुलांचे आईबाप त्याच रस्त्याने सामान वाहतात, रिक्षा ओढतात, हॉटेलात चादरी धुवायला जातात.

असो. सहलीच्या आठवड्याचे बीजही त्याच फळ्यावर पडले. एके दिवशी बातमी आली, 'दोन दिवस नळाला पाणी नाही.' मी सहज विचारले, "मग नळाला पाणी येते कुठून?" पाच-सहा उत्तरे आली: आभाळातून, टाकीतून, शार्लोट तलावातून. सर्वांत जास्त मते पडली ती नगरपालिकेला. तेव्हाच ठरवले की, यंदाची सहल एका दिवसाची नको. जानेवारीत सोमवार ते शुक्रवार पाच दिवस पाण्याच्या मागे जायचे. शनिवार-रविवार मुद्दाम सोडले, कारण ते आमच्या घरांचे कमाईचे दिवस. त्या दिवशी मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, तेव्हाच आई कामाला जाऊ शकते.

पालकसभा घेतली. खरे सांगायचे तर, ती सोपी गेली नाही. एक बाबा म्हणाले, "बाई, इंग्रजी शाळेची पोरं खोपोलीकडे पाण्याच्या पाळण्यांना जातात. आमच्या पोरांनी नळ बघायचा होय?" त्यांचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. मजेवर आपल्या मुलांचाही हक्क आहे. मुलांची मते घेतली तर पाळण्यांना सतरा आणि माझ्या बेताला सहा! पण तिकिटाचा आकडा ऐकल्यावर सभेत जी शांतता पसरली, तिने निकाल दिला. चार दिवसांना खर्च लोकल, टॅक्सी आणि टमटमच्या भाड्याचा. एकाच दिवसाला एसटी करावी लागेल, आणि शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसते. आपल्या वस्तीतल्या शाळेने 'गाडी महाग पडते' म्हणून सहल रद्द केली असेल, तर मुख्याध्यापकांना या सवलतीबद्दल जरूर विचारा.

दुसरा प्रश्न एका आईने मागे बसून हळूच विचारला. "डोंगरात नेणार, पण सांभाळून आणाल ना?" तिचे माहेर चौकच्या बाजूला. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ताच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. आमच्या डोंगरावरून इरशाळगडाचे टोक दिसते. त्या आईला मी शब्दांनी काय समजावणार? एवढेच म्हटले, "ताई, पावसाळ्यात एकही मूल शाळेबाहेर नेणार नाही. तलावाच्या काठावर पाण्यात पाय घालायला कोणालाही परवानगी नाही. आणि तुम्हीही एक दिवस आमच्याबरोबर चला." त्या यायला तयार झाल्या. सहलीत दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे; ते माणूस आई असेल तर सर्वांत बरे.

पहिला दिवस आमच्याच डोंगरावर. वर्गाच्या नळापासून उलटे चालत शार्लोट तलावापर्यंत जायचे. माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा हा जुना साठा. पण तो पुरत नाही, म्हणून खाली नेरळजवळून उल्हास नदीचे पाणी पंपाने डोंगरावर चढवतात. मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारले, "पाणी चढते तर बाबा का ओढतात?" मी म्हटले, ते चालत नाही, ढकलावे लागते, त्यालाही वीज लागते. प्रश्न तिथे संपला नाही. तो आम्ही तिसऱ्या दिवसासाठी वहीत लिहून ठेवला आहे.

दुसरा दिवस आपल्या छोट्या गाडीचा. 1907 च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पैसा घातला आणि अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी तो मार्ग उभा केला. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. 2005 च्या पुरात मार्ग वाहून गेला, पुढेही तो बरेचदा बंद पडला, आणि नेरळपासून माथेरानपर्यंतची पूर्ण गाडी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा धावली. 'वॉटर पाइप' नावाचे स्टेशन याच मार्गावर आहे. मुलांनी ते नाव हजारदा ऐकले आहे, पण अर्थाकडे कोणी लक्ष दिले नव्हते. मालकांची नावे पाटीवर असतात. कातळ फोडणाऱ्यांची आणि रूळ टाकणाऱ्यांची नसतात. म्हणून मी मुलांना सांगितले आहे की, घरी आजोबांना विचारून या, आपल्यापैकी कोण कधी या रुळांवर कामाला होते. चार मुले आताच नावे घेऊन आली आहेत.

तिसऱ्या दिवशी भिवपुरी. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. त्या नदीचे पाणी खरे तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे जात पूर्वेच्या समुद्राला मिळायचे. टाटांनी ते घाटावरून मोठ्या पाइपांतून कोकणात उतरवले आणि 1922 पासून त्यावर भिवपुरीला वीज तयार होते. वीज मुंबईला जाते. वापरलेले पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते. म्हणजे आमच्या नळाच्या पाण्यात मावळातल्या पावसाचाही वाटा असतो! केंद्राच्या आत जायला परवानगी लागते. ती मिळाली तर ठीक, नाही तर बाहेरून पाइप बघू; डोंगर उतरणारे पाणी कसे काम करते हे मुलांना तेवढ्यानेही कळते.

इथेच भाई कोतवालांची गोष्ट सांगणार आहे. 1912 साली माथेरानच्या एका गरीब न्हाव्याच्या घरी ते जन्मले, शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी गावोगाव शाळा चालवल्या. 1942 च्या लढ्यात मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे त्यांच्या आझाद दस्त्याने पाडले, आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या जंगलात ते गोळीला बळी पडले. आमच्या मुलांना त्यांचे नाव माहीत आहे. ते शाळा काढणारे होते, हे मात्र एकालाही माहीत नव्हते.

चौथा दिवस माझ्या सर्वांत आवडीचा: कोंढाणे लेणी. कर्जतहून कोंदिवड्याकडे जायचे आणि पुढे रानातून चढायचे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी कोरलेले चैत्यगृह आणि विहार आहेत. पावसाळ्यात कपारीवरून धबधबा कोसळतो. जानेवारीत तिथे शांत असते. सह्याद्रीतल्या लेण्यांत कातळात पाण्याची टाकी खोदलेली असतात, त्यांना जुन्या लेखांत 'पोढी' म्हटले आहे. वर्षावासात राहणाऱ्या भिक्खूंनी पाणी कसे साठवले, हे आमच्या पाण्याच्या वहीतले एक पान आहे.

पण मला मुलांना दाखवायचा आहे तो चैत्याच्या दर्शनी भागावरचा ब्राह्मी अक्षरांतला छोटासा लेख. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असे तो सांगतो. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाही. काम करणाऱ्या हाताचे आणि त्याला शिकवणाऱ्याचे नाव आहे. मी फळ्यावर ती अक्षरे काढून ठेवली. दोन दिवसांत सगळा वर्ग ब्राह्मीत आपापली नावे लिहू लागला. एक मात्र बजावून सांगितले आहे: वहीत लिहायचे, लेण्यावर नाही. तिथे जाऊन बदामाचा आकार काढून नावे कोरणाऱ्या शहाण्यांची काही कमी नाही, आणि त्यात आपलेही लोक असतात, हे लिहिताना वाईट वाटते.

पाचवा दिवस महाडचा. त्यासाठी मुलांची तयारी आधीपासून चालू आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली एक आठवण मी वर्गात सांगितली. 1901 साल. भीमराव साताऱ्यात शिकत होता, वय दहाच्या आसपास, म्हणजे चौथीतल्या मुलाएवढेच. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जायचे म्हणून भीमराव, भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीत बसले. कधी आगगाडी न पाहिलेली मुले! मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर बदलले. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर. डब्यात खायला भरपूर होते. पाणी मात्र रात्रभर मिळाले नाही.

वर्ग चिडीचूप झाला. मग एका मुलीने विचारले, "बाई, पण बाबा घ्यायला का नाही आले?" मुलांनी पत्र पाठवले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते. झाले! संमतीपत्रे घरी न देता दप्तरात चुरगळून ठेवणारे माझे सात वीर दुसऱ्या दिवशी सह्या घेऊन हजर.

मग पुढचे सांगितले. छब्बीस वर्षांनी तोच मुलगा मोठा होऊन महाडला गेला. सार्वजनिक तळी सर्वांना खुली करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 सालीच झाला होता, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरवले होते, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे खटला दहा वर्षे चालला. 1937 साली उच्च न्यायालयात आपण जिंकलो. "दहा वर्षे?" हातरिक्षावाल्याच्या मुलाने विचारले. मी म्हटले, "हो, दहा." तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता एक मुलगी राहिली. तिने सांगितले, "बाई, त्या दिवशी माझ्या पोटात दुखणार आहे." पाच दिवस आधी कळणारी पोटदुखी कसली असते, हे आपल्या घरांत वाढलेल्या कोणालाही समजते. मी संध्याकाळी घरी गेले. आई म्हणाली, "पैशाचं नाही हो बाई, फ्रॉक एकच चांगला आहे. पाच दिवस तोच कसा घालेल?" मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी लिहिली: 'सहलीला सर्वांनी शाळेच्या गणवेशात यायचे.' पोटदुखी थांबली.

पालकांनी एवढे करावे. डब्यात भाकरी-चटणी चालेल, वेफर नकोत. सोबत वही, पेन्सिल, टोपी द्यावी. चप्पल नव्हे, बूट असतील तर उत्तम. खर्चाला पैसे देऊ नयेत, त्यावरून मुलांमुलांत वर-खाली होते. संध्याकाळी मूल परत आले की, 'मजा आली का?' एवढेच न विचारता 'आज काय विचारलेस?' असे विचारावे. आणि पाण्याची बाटली प्रत्येकाजवळ हवी. ज्याच्या घरी नसेल त्याने मला फक्त सांगावे. वर्गाच्या कपाटात तीन जास्तीच्या ठेवल्या आहेत. एका मुलाने दोन नेणार म्हणून सांगितले आहे. एक पाण्याने भरलेली, आणि एक रिकामी, आजीसाठी महाडहून भरून आणायला.