विहिरीचं पाणी चढलं म्हणजे नेमकं किती?

पोळ्याच्या सुमारास हिंगोलीतल्या कयाधू नदीकाठच्या विहिरीत डोकावलं, की पाणी हाताला लागेल इतकं वर दिसतं. "यंदा काळजी नाही," असं सगळेच म्हणतात. मार्चात त्याच विहिरीचा तळ दिसतो आणि बोल पावसाला लागतो. खरं तर चुकलेला असतो तो पोळ्याचा अंदाज.

हिंगोलीच्या मातीखाली बेसाल्ट आहे. काळा कातळ जवळपास कोरडाच. पाणी धरतात ते मुरूम, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि कातळाच्या फटी. तेही किती? भूजलाच्या सरकारी अंदाजात अशा खडकासाठी 2 टक्के धरतात. शंभर घागरींएवढा मुरूम निथळला, तर दोन घागरी पाणी हाती येतं. नदीकाठच्या वाळूत हाच आकडा 16 पर्यंत जातो.

आता हिशेब करू. एका एकराखाली पाणी एक मीटर चढलं, तर साठा वाढतो सुमारे 80 हजार लिटरांनी. दहा हजार लिटरचे आठ टँकर. त्याच एकरातल्या हळदीला 50 मिलिमीटरचं एकच पाणी पाटानं दिलं, तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका पाळीत अडीच मीटर उतार. थोडं पाणी झिरपून परत जातं हे कबूल. पण हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक, पाळ्या मोजून पाहा. उलट बाजूही तशीच आहे. फक्त 20 मिलिमीटर पाणी मुरलं, तरी पातळी मीटरभर चढते. म्हणून आपली विहीर झटकन भरते, झटकन उतरते आणि भरलेलं पाणी दिवाळीपर्यंत ओढ्यानंही निघून जातं. तुडुंब विहीर ही काठोकाठ भरलेली बशी आहे, तिला रांजण समजू नये.

"पाऊस तर सरासरीइतका झाला!" झाला असेल. पण झिजलेल्या बेसाल्टात पावसाच्या साधारण 7 टक्केच पाणी खाली पोचतं असं धरतात. 800 मिलिमीटर पडला तर 56. आणि तो कसा पडला यावरही बरंच ठरतं. मृगात काळी भेगाळलेली असते, तेव्हा भेगांतून पाणी थेट खोल जातं. एकदा माती फुगून भेगा मिटल्या, की पुढचा धो-धो पाऊस शेत चिबड करतो आणि नाल्याला लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. वर्षाची बेरीज तीच राहूनही मुरवण घटू शकते, ती अशी.

"आणखी शंभर फूट खाली जा, लागेल." खोल गेल्यावर फटी कमीच होत जातात. लागलंच, तर बऱ्याचदा ते शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी असतं किंवा वर्षानुवर्षं साठलेलं, एकदाच उपसता येणारं. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरीवर शेती-उद्योगासाठी बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे रात्री चालणाऱ्या बोअरच्या गाड्यांना विचारा.

झाडांबद्दल तर दोन उलटे गैरसमज एकाच पारावर ऐकू येतात: झाडं पाणी आणतात, आणि झाडं पाणी पितात. दोन्ही अर्धे खरे. मुळं माती सैल करून पाणी मुरवतात आणि तेच पाणी पानांवाटे उडवतातही. बुर्किना फासोमधल्या 2016च्या अभ्यासात सर्वांत जास्त पुनर्भरण आढळलं ते विरळ झाडीखाली. उघड्या रानात कमी, दाट झाडीतही कमी.

"उपग्रहाला सगळं दिसतं." 2002 मध्ये सोडलेले ग्रेसचे जुळे उपग्रह भूजलाच्या वजनातले बदल जोखायचे खरे, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची. त्यात अख्खा जिल्हा एक ठिपकाही नाही.

म्हणून भोक पाडून मोजणं सुटत नाही. जमिनीखालचं मोजणारे दूरदेशीही हेच करतात. सायबेरिया-अलास्कात सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाच्या वर न गेलेली गोठलेली जमीन आहे. तिथं उन्हाळ्याच्या शेवटी लोखंडी सळई खुपसून पाहतात, वरचा थर किती खोल वितळला. ठरलेल्या जागी, 1991 पासून अनेक देशांत एकाच पद्धतीनं.  आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या सुमारे 3,900 निरीक्षण विहिरींत जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला टेप सोडते आणि आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते. एका वर्षाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

तुमच्या विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करा. त्या चार महिन्यांत पहाटे, मोटर चालू करण्याआधी, त्याच खुणेपासून टेप सोडा आणि आकडा वहीत तारखेसह लिहा. यंदाच्या ऑक्टोबरपासून.