राखणीच्या कुत्र्याची खाज

बैल आजारी पडला म्हणजे शेतकऱ्याचें सारें घर काळजींत पडतें. परंतु रात्रभर मळा राखणारा कुत्रा अंग खाजवून रक्तबंबाळ झाला, तरी त्याची विचारपूस क्वचितच होते. झाली तर कोणी त्याच्या अंगावर इंजिनाचें जळकें तेल ओततो, कोणी कपाशीवर फवारावयाचें औषध चोळतो. हे दोन्ही उपाय घातक आहेत. कुत्रा आपलें अंग चाटतो. त्यामुळें वरून लाविलेलें विष त्याच्या पोटांत जातें, व कातडींतूनही तें आंत मुरतें.

खाज हा स्वतंत्र रोग नव्हे, अनेक रोगांचें तें लक्षण आहे. म्हणून प्रथम कारण शोधावें.

(१) पिसवा.—कित्येक कुत्र्यांस पिसवांची लाळ सोसत नाहीं. अशांस थोड्या पिसवा चावल्या तरी अनेक दिवस खाज सुटते. शेपटीच्या बुडाशीं व मांड्यांच्या मागें केंस झडतात. बारीक फणीनें विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवावे. तांबूस डाग पसरल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी. पिसवांचीं अंडीं, अळ्या व कोश कुत्र्याच्या निजण्याच्या जागेंत असतात, आणि कोशांतील पिसू कांहीं महिने दडून राहूं शकते. यास्तव त्याचें गोणपाट उकळत्या पाण्यांत धुवावें, जागा वारंवार झाडावी, व औषध निदान ३ महिने चालू ठेवावें.

(२) खरूज.—हिचा सूक्ष्म किडा कातडींत बीळ करितो. कानांच्या कडा, कोपरें व पोट येथें खपल्या धरतात. कानाची कड बोटांत चोळली असतां कुत्रा मागील पाय झाडूं लागला, तर खरजेचा संशय बळावतो. ही खरूज इतर कुत्र्यांस लागते व माणसांच्याही अंगास खाज आणते. म्हणून मुलांस दूर ठेवावें, आणि घरांतील सर्व कुत्र्यांस एकाच वेळीं औषध द्यावें.

(३) न मानवणारे पदार्थ.—धूळ, परागकण किंवा खाण्यांतील एखादा जिन्नस न मानवल्यास कुत्रा पंजे सतत चाटतो व त्याचे कान वारंवार बिघडतात. असें औषधानंतरही चालल्यास वैद्याच्या सल्ल्यानें सुमारे ८ आठवडे खाणें बदलून पाहावें.

पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो. पिसवा व खरूज या दोहोंवर आज फ्लूरालानेर, अफोक्सोलानेर अशा गोळ्या मिळतात. त्या वजनाच्या मानानेंच द्याव्या, व कुत्र्यास पूर्वीं झटके येत असल्यास तें वैद्यास आधीं सांगावें. गुरांचें आयव्हरमेक्टिन अंदाजानें टोंचूं नये; कॉलीसारख्या जातींतील कित्येक कुत्र्यांच्या मेंदूस तें आनुवंशिक दोषामुळें बाधतें.

एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. कुत्रा जुन्या चाव्याच्याच जागीं वेड्यासारखा चावूं लागला आणि त्याचा स्वभाव पालटला, तर ती साधी खाज न समजतां पिसाळण्याची शंका घ्यावी. त्यास हात न लावतां अलग ठेवावें व पशुवैद्यास त्वरित कळवावें. त्याचे दांत किंवा लाळ कोणाच्या जखमेस लागल्यास, ती जखम १५ मिनिटें साबण व वाहत्या पाण्यानें धुवून लगेच दवाखाना गांठावा. राखणीच्या प्रत्येक कुत्र्यास दरवर्षीं या रोगाची लस टोंचून घेणें हें मालकाचें कर्तव्य आहे.